मधला बरा आहे

बाबा गेल्यानंतरच्या महिन्यात मी त्यांना फोनवरून फुटबॉल टीमचा अहवाल दिला. चांगला ऐसपैस दिला. बाबा गेलेत हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आईला, दादाला, नागपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला, आणि इकडे अमेरिकेत, हर्नडनला, माझ्यासमोर बसून सफरचंद चिरणाऱ्या माझ्या नवऱ्यालासुद्धा. एक मलाच माहीत नव्हतं. मला सातवा महिना होता, ब्लडप्रेशर वाढलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की हिला बाळंत होईपर्यंत सांगायचं नाही.

आपल्याकडे हे चालतंच. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. 'तिकडे एकटा आहे बिचारा, ऐकून काय करणार' म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या एका पुण्याच्या मुलाला त्याची आजी गेल्याचं सुट्टीवर घरी पोचल्यावर कळलं, भिंतीवरच्या फोटोला हार दिसला तेव्हा. तो हे सांगत होता आणि मी तावातावाने म्हणाले होते, "यार, माझ्या घरच्यांनी असं केलं ना, तर एकेकाला उभा चिरीन." बोलायला काय जातं!

आमच्या घरात फुटबॉल बाबांनी आणला. हा इथला फुटबॉल, लंबगोल बॉलचा, ज्यात पायाचं काम कमी आणि धडका जास्त. २००५ साली आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलो की ते दोघं अपार्टमेंटमध्ये कोंडलेले. फूटपाथ आमच्या कॉम्प्लेक्सच्या फाटकापाशी संपायचा, पुढे नुसत्या गाड्या. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, नागपूरला दिवसातून चारदा पानठेल्यावर जाणारा माणूस. आठ दिवसांत ते पिंजऱ्यातल्या पोपटासारखे गुमसुम झाले. मग एका रविवारी नवऱ्याने टीव्हीवर मॅच लावली आणि बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले.

"हे पुढचे पाच जण कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने समजावलं. बॉल फेकणारा मागे उभा असतो. समोरची माणसं त्याला आडवं पाडायला धावून येतात. त्यांना हे पाच जण अडवून धरतात. बाकी काही नाही. हे धावत नाहीत, बॉल झेलत नाहीत, यांच्या नावावर एक पॉइंट लागत नाही.

"अरे, मग ही तर आपली साखळी आहे!" बाबा म्हणाले.

तरुणपणी बाबा कबड्डी खेळत. चढाई करणारे ते कधीच नव्हते. साखळीत हात धरून उभे राहणारे, पकड करणारे, म्हणजे ज्यांचा फोटो पेपरात येत नाही त्यांच्यातले. त्या दिवसापासून बाबांनी बॉल बघणंच सोडलं. बॉल तिकडे गेला, लोक सोफ्यावरून उठून ओरडले, तरी बाबांचे डोळे त्या पाच जणांवर. "बॉल कुठे जाते ते पोरंसोरं पाहतात," ते म्हणत. "आपण पाय पाहायचे." त्यांनी पाचही जणांना आपली नावं दिली. डावा कोपरा, डावा आतला, मधला, उजवा आतला, उजवा कोपरा.

मधला त्यांचा जीव की प्राण. तो खाली वाकून बॉल दोन पायांमधून मागे द्यायचा आणि मान वर करायच्या आत समोरच्याची धडक खायचा. "पाहा, खेळ याच्या हातून सुरू होते, अन् सगळे पाहतात दुसरीकडेच," बाबा म्हणायचे. आई बाजूला क्रोशाचं विणत बसलेली असायची. "एवढे धट्टेकट्टे बाप्ये, अन् काम काय तर ढकलाढकली," ती म्हणायची आणि टाके मोजायची.

सीझन सुरू होण्याआधी आमच्या भागातल्या टीमची प्रॅक्टिस लोकांना बघायला मोकळी असे. मैदान घरापासून वीस मिनिटांवर. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा परत आले तेव्हा आम्ही चौघं तिथे गेलो. ऑगस्टचं ऊन, बाबांच्या डोक्याला पंचा, आईच्या पिशवीत चिवडा. मी आपली कपाळाला आठ्या घालून बसले होते, रविवारची झोप गेली म्हणून. पण बाबा मला एकेक दाखवू लागले. हा बघ, उठताना आधी हात टेकवतो, म्हणजे कंबर धरली आहे याची. हा उजवा कोपरा नवीन आहे, अंगात जोर आहे पण घाई करतो, याला समोरचा हुलकावणी देईल. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट काढायची, त्याचा मला पगार मिळतो. तासाभरात मीच बाबांना सांगायला लागले, "डावा आतला थकलाय हो, दर वेळी उशिरा उठतोय." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बोर्डात आले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

प्रॅक्टिस संपल्यावर खेळाडू दोरीपाशी सह्या द्यायला आले. सगळी गर्दी बॉल फेकणाऱ्याकडे धावली. मधला एकटाच घाम पुसत उभा. बाबा पंचा सावरत त्याच्यापर्यंत गेले, हात उंच करून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाले, "बेटा, गुडघे सांभाळ." तो सहा फुटांच्या वरचा माणूस खाली वाकला, कळलं न कळलं, आणि म्हणाला, "येस सर." बाबा परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाहीत. नागपूरला मात्र वर्षभर तेच सांगत सुटले, असं दादा म्हणायचा.

ते परत गेल्यावर आमचा नेम ठरला. रविवारी सकाळी मी कॉलिंग कार्ड खरवडून नंबर लावायचा. त्यांची संध्याकाळ असायची, बाबा फोनपाशी बसलेले. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकायचं आणि मग, "हं, सांग. लाईन काय म्हणते?" लाईन म्हणजे ते पाच जण. इतर मुली आईबापाशी काय बोलत असतील, मी त्या वयात बापाशी पाच परक्या माणसांच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते. पण त्यातच सगळं येऊन जायचं. ऑफिसात माझं काही बिनसलं असलं तर बाबा म्हणायचे, "मधला काय करते? धडक बसल्यावर मागे पाहते का?" बस, एवढंच.

२००७च्या जुलैमध्ये नवरा एका दुपारी ऑफिसातून लवकर आला. डोळे लाल. म्हणाला, अॅलर्जी. मग म्हणाला, "दादाचा फोन होता. बाबांच्या घशाला सूज आली आहे. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे, तीन-चार महिने."

मी हसले. देवा, मी हसले! म्हणाले, "बाबांना बोलायची बंदी? मग डॉक्टरलाच अॅडमिट करावं लागेल."

नवरा बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. दुसऱ्या दिवशी तो उठल्याउठल्या डोक्यावरून न्हाला. तीन दिवस घरात देवापुढे दिवा लागला नाही. मी विचारलं तर म्हणाला, तेल संपलंय. मी भडकले. "देसी स्टोअर दहा मिनिटांवर आहे. मी अशी पडून, आणि तुला साधी तेलाची बाटली आणवत नाही?" तो खाली मान घालून उभा राहिला. वरण-भात शिजवला, मला वाढला, आपण जमिनीवर बसून जेवला. लग्न झालेल्या मुलीला बापाचं तीन दिवसांचं सुतक असतं. ते माझ्या वाटचं तो पाळत होता, आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

त्या रविवारी फोनवर आई आली. "ते इथेच बसून आहेत," ती म्हणाली. "स्पीकर लावला आहे. तू बोल, ते ऐकतात. काही विचारायचं असलं तर पाटीवर लिहितात, मी वाचून सांगते." मी म्हटलं, बाबा, आता तुमची सुटका नाही, आता मी बोलणार. आणि बोलत सुटले. मधेच आई म्हणायची, "थांब, ते लिहून राहिले." मग फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज. मग आई विचारायची, "उजव्या कोपऱ्याची घाई गेली का, विचारतात."

मला काहीच शंका आली नाही. पाटी मला डोळ्यांसमोर दिसत होती, बाबांचं ते वेलांट्या लांबवणारं अक्षरसुद्धा.

ऑगस्टमध्ये प्रॅक्टिसचा दिवस आला. नवरा नको म्हणत होता, ऊन आहे, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना. मी म्हटलं, बाबा तिकडे मुके होऊन बसलेत, त्यांना वर्षातून एक गोष्ट हवी असते, ती मी देणार. घडीची खुर्ची घेऊन आम्ही गेलो. पाच जण उभे राहिले. मी डावीकडून सुरुवात केली. डावा कोपरा वयाला आला होता, पण पाय जमिनीत रोवलेले. डावा आतला बारीक झाला होता, चांगला दिसत होता. आणि मधे एक कोवळा पोरगा. मधला नव्हता.

शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्याला या आठवड्यात काढून टाकलं. दोन्ही गुडघे गेले. कुठल्या टीमने उचलला नाही, आता काही तो खेळत नाही.

मी तिथेच रडायला लागले. नवऱ्याला वाटलं पोटात दुखतंय, त्याची धांदल उडाली. मी म्हटलं, "अरे, मधला गेला. बाबांना काय सांगू मी आता?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, बघा, माझा नवरा किती हळवा आहे, एका फुटबॉलवाल्यासाठी रडतोय.

रविवारी फोन लावला. एकेकाबद्दल सांगत गेले, डावीकडून उजवीकडे. मधल्याला मुद्दाम टाळलं. सगळं सांगून झालं. थोडा वेळ पंख्याचा आवाज आला आणि मग आईने विचारलं, "मधल्याचं नाही सांगितलं, म्हणतात."

माझ्या मनात आलं, त्यांचा घसा धरलेला, घरात बसून आहेत, कशाला त्यांना सांगायचं. म्हटलं, "मधला बरा आहे. थोडा जाड झालाय, पण बरा आहे."

"बरा आहे ना?" आई म्हणाली. "गुडघे?"

"चांगले आहेत. बाबांना सांग, त्याने ऐकलं त्यांचं."

 मग आई म्हणाली, "ऐकलं त्यांनी. हसून राहिले." समोर नवरा सफरचंद चिरत होता. तो सुरी ठेवून बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं.

पुढचे सगळे रविवारही मी तेच सांगत राहिले. ऑक्टोबरात मुलगी झाली. ती सव्वा महिन्याची झाल्यावर नवऱ्याने मला समोर बसवून सांगितलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. दादाला फोन केला आणि त्यालाही सोडलं नाही. आईशी मात्र भांडले नाही. तिच्याशी बोललेच नाही. तिचा फोन आला की, "बरी आहे, बाळ बरं आहे, ठेवते." रविवारच्या मॅच चालू होत्या, टीव्ही मी लावू दिला नाही. मला सगळ्यात जास्त राग तिचाच होता. दादा आणि नवऱ्याने नुसतं लपवलं. तिने नाटक केलं. पाटी काय, पंखा काय, 'हसून राहिले' काय! बाप मेलेला आणि मी महिनोन् महिने एका रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. त्यांचा चेहरा मला शेवटचा पाहता आला नाही, ठीक आहे, विमानात बसता येत नव्हतं. पण मला रडूही दिलं नाही. सगळं गाव रडून मोकळं झालं, आणि मी आपली गुडघ्यांचा हिशोब देत बसले.

जानेवारीत बाळाला घेऊन नागपूरला गेले. विमानात पूर्ण वेळ आईला काय बोलायचं ते ठरवत होते. पहिले दोन दिवस भेटायला येणाऱ्यांत गेले. सगळे माझ्या गळ्यात पडायचे आणि मी कोरडी. तिसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या अंगणात उन्हात पाय पसरून बसली, पायांवर बाळ पालथं, वाटीत कोमट तेल. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तू मला त्यांचं तोंड पाहू दिलं नाही," मी म्हटलं. "वरून खोटी पाटी वाचून दाखवली. कसं जमलं गं तुला?"

वाटलं होतं ती म्हणेल, तुझ्यासाठीच केलं बाई, बाळासाठी केलं. त्याला द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार होती. पण ती म्हणाली, "पाहू नाही दिलं. खरं आहे." आणि बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग आपणच बोलायला लागली. "तुझे बाबा रोज चहाच्या वेळी मला ते सगळं सांगत. डावा कोपरा, आतला, अन् काय काय. मी म्हणायची, माझं डोकं नका खाऊ. पण कान तर उघडेच असतात ना बाई. ते गेले, अन् त्या रविवारी तुझा फोन आला. मी म्हटलं, हिला काय विचारू? तर ते जे विचारायचे तेच तोंडातून निघालं." तिने बाळाला उताणं केलं. "खरं सांगू? तेरवी झाली, पाहुणे गेले, दादा कामावर गेला. घर खायला उठे. मग मी रविवारची वाट पाहायची. वेणी घालून, साडी बदलून फोनपाशी बसायची. तू 'बाबा, ऐकताय ना' म्हणायची, तेवढा वेळ मला वाटे, बसून आहेत ते आत. कोणी दुसरं त्यांना आहेत म्हणतच नव्हतं."

 भांडण करायला समोरचं माणूसही उभं लागतं. मी पायरीवर बसले.

आईने तेलाची वाटी पुढे ओढली आणि विचारलं, "बरं, ते जाऊ दे. तुझा सीझन संपला म्हणे. शेवटचं तू तर काही सांगितलंच नाही मला. मधला कसा आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. पाटी नाही, स्पीकर नाही, तिला स्वतःलाच हवं होतं.

"तू म्हणाली होती, गुडघे चांगले आहेत त्याचे," ती म्हणाली. "मी रोज मनात म्हणायची, यांना नाही राहता आलं, पण यांचा मधला उभा आहे."

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. जमलं नाही. "आई, तो नाहीये. त्याला ऑगस्टमध्येच काढून टाकलं. मी प्रॅक्टिसला गेले, तेव्हाच तो नव्हता."

तिचा हात बाळाच्या पोटावर थांबला. "ऑगस्टमध्ये? म्हणजे तू फोनवर सांगितलं, तेव्हा?"

"हो."

"मग मला बरा आहे कशाला म्हणाली?"

"बाबांना बरं नव्हतं ना," मी म्हटलं. "म्हटलं, कशाला सांगायचं. उगीच त्रास होईल."

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. दादाने, माझ्या नवऱ्याने, दोघांनीही मला हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि हेच वाक्य मी प्रत्येकाच्या तोंडावर फेकून मारलं होतं.

आईने पदर तोंडाला लावला. बाबा गेल्यापासून तिला रडताना कोणी पाहिलं नाही, असं दादा म्हणाला होता, तेरवीलासुद्धा नाही. आता ती रडायला लागली, मोठ्याने, खांदे हलवून, आणि तिच्या पायांवरचं बाळ तिच्याकडे टकामका बघत होतं. "असं लपवू नाही गं, बाई," ती म्हणत होती. "माणूस गेलं तर सांगावं. असं लपवू नाही."

मी बाळाला उचललं. तिच्या शेजारी पाय पसरून बसले, बाळाला माझ्या पायांवर घेतलं आणि त्याच वाटीतलं तेल घेऊन त्याचे गुडघे चोळायला लागले. चोळता चोळता मला बाबा आठवले आणि मग मीही रडले. बऱ्याच वेळाने आईने नाक पुसलं.

"आता मधे कोण उभं राहते?" तिने विचारलं.